खाड्याचे पैसे कोण देणार? रेशनचे प्रश्न विचारायला वस्तीचा स्वतःचा फंड कसा उभा करायचा

अन्नदान करायचंय म्हटलं की मुंबईत पैसा मिळतो. खरंच मिळतो. खिचडी वाटायचीय, दिवाळीला फराळाची पाकिटं द्यायचीयत, कुणीतरी बॅनरवर फोटो लावायच्या अटीवर का होईना देतोच. पण तुम्ही म्हणालात की आमच्या दुकानात तांदूळ 20 तारखेनंतरच का येतो हे लेखी विचारायचंय, त्यासाठी झेरॉक्स, रिक्षा आणि दोन बायकांचा एका दिवसाचा खाडा एवढे पैसे द्या, की समोरचा मोबाइल बघायला लागतो.

आम्ही विक्रोळी पार्कसाइटला डोंगराच्या अंगाला राहतो, आणि गेली काही वर्षं एक छोटासा फंड चालवतोय, फक्त या विचारायच्या कामासाठी. वाटपासाठी नाही. बऱ्याच जणी विचारतात तुम्ही नक्की करता कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय, चुका पण लिहिते म्हणजे तुमच्या तरी वाचतील.

सगळ्यात आधी खाड्याचं समजून घ्या, कारण फंडाचं खरं काम तेच आहे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई रेशनिंग ऑफिसला गेली की तिचा दिवस गेला. तिथे सांगतात साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. उद्या गेली तर म्हणतात हा कागद राहिला, तो आणा. दोन खाडे झाले, दोन ठिकाणचे पैसे कापले, एका मॅडमनी दुसरी बाई बघते म्हणून दम दिला, की तिसऱ्या खेपेला ती जातच नाही. मग तिच्या सुनेचं नाव कार्डात चढत नाही आणि घरात दरमहा पाच किलो धान्य कमी येतं ते येतंच. कायदा तिच्या बाजूने आहे, पण कायद्यापर्यंत जायचं भाडं तिच्याकडे नाही. ते भाडं वस्तीने मिळून द्यायचं, आमचा फंड म्हणजे एवढंच.

मुंबईत हे काही नवीन नाही बरं का. 1972-73 ला महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर त्यात होत्या, हे आमच्या सासूबाई अजून सांगतात. आणि गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांना उधार-सावकारीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांनी गट करून एकमेकींचा जामीन राहायचं आणि बँकेचं कर्ज घ्यायचं. अन्न, बायका आणि मिळून उभा केलेला पैसा, ही आपल्याच शहरातली जुनी गोष्ट आहे.

तर आता कसं करायचं.

पहिल्याच दिवशी वर्गणी काढू नका. आधी प्रश्न ठरवा, आणि तो एकच ठरवा. आमच्या पहिल्या मीटिंगला रेशन, गटार, पाण्याचं प्रेशर, अंगणवाडीची गळकी पत्र्याची शेड आणि एका काकांचा सोसायटीशी चाललेला भांडणाचा विषय असे सगळे प्रश्न आले, अकरा वाजले, कोणी काही ठरवलं नाही आणि दुसऱ्या मीटिंगला निम्मी माणसं. मग आम्ही ठरवलं की या तीन महिन्यांत फक्त एक गोष्ट, आमच्या दुकानाचं धान्य आणि पावती.

प्रश्न ठरला की घरबसल्या फुकटचा अभ्यास करा, याला एक रुपया लागत नाही. महा ई-पॉसच्या, म्हणजे रेशन दुकानातल्या मशीनच्या नोंदी दाखवणाऱ्या सरकारी साइटवर रेशन कार्डाचा 12 अंकी नंबर टाकला की त्या महिन्यात तुमच्या नावावर किती धान्य गेलंय ते दिसतं. आम्ही पाच-सहा जणी गल्लीतल्या ओट्यावर बसलो होतो, एकीच्या पोराने मोबाइल धरला होता. एका मावशींचं कार्ड टाकलं, घरात माणसं चार, प्राधान्य कुटुंब म्हणजे माणशी पाच किलो, वीस किलो उचललं असं दाखवत होतं. मावशी म्हणाल्या, अगं पण मला पंधराच दिले, दुकानदार म्हणाला बाकीचं पुढच्या गाडीला. पावती? पावती काय, मशीनचा कागद संपलाय म्हणाला. एकदम शांतता झाली. मग प्रत्येकीने आपापलं कार्ड काढलं. तो एक तास झाला नसता तर आमचा फंड उभाच राहिला नसता, कारण त्याआधी सगळ्यांना वाटायचं आपल्यालाच कमी मिळतं, आपलंच काहीतरी कागदाचं राहिलंय.

कायद्यातलं कामापुरतं माहीत असू द्या. 2013 चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, प्राधान्य कार्डाला माणशी पाच किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला, कार्डामागे 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे, म्हणजे दुकानदाराने या धान्याचे पैसे मागितले तर तिथेच थांबा. याच कायद्यात दुकान पातळीपर्यंत दक्षता समिती आहे, सोशल ऑडिट म्हणजे लोकांसमोर होणारी तपासणी आहे, जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि त्याच्यावर राज्य अन्न आयोग आहे. फोनवर तक्रार करायची तर 1967. पण नुसता फोन करून सोडू नका, तक्रार नंबर वहीत लिहा, तारखेसकट.

आणि प्रश्न कोणाच्या दारात न्यायचा ते आधी बघा, नाहीतर चुकीच्या ऑफिसात खाडे जातात. रेशन हा राज्याच्या अन्न व नागरी पुरवठ्याचा विषय, मुंबईत तो शिधावाटप नियंत्रक आणि त्यांच्या खालच्या शिधावाटप कार्यालयांकडे. अंगणवाडी महिला व बालविकासकडे. पालिकेच्या शाळेतलं जेवण, मंडया, फेरीवाले हे पालिकेकडे, म्हणजे तुमचं वॉर्ड ऑफिस. नगरसेवकाला रेशनचं गाऱ्हाणं सांगून उपयोग थोडा, त्याला मंडईचं विचारा.

आता पैसे. किती लागतात याचा आधी कागदावर हिशेब करा, अंदाजपंचे वर्गणी ठरवू नका. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपये, अपील केलंत तर वीस, मिळालेल्या कागदांचे पानामागे दोन, झेरॉक्स, बसभाडं, आणि खाडा. खाड्याचा दर आधी ठरवून टाका, सगळ्यांना सारखाच, मग ती धुणीभांडी करणारी असो की पॅकिंगला जाणारी. आम्ही सुरुवातीला ज्याचं जेवढं बुडलं तेवढं असं केलं होतं, त्यात रुसवेफुगवे झाले, एकीचं म्हणणं माझं काम वसईला म्हणून मला जास्त. आता एकच दर. समजा 60 घरांनी महिन्याला वीस रुपये दिले तर 1,200 झाले, त्यात महिन्याला दोन बायकांचे खाडे आणि कागदपत्रांचा खर्च आरामात निघतो. याच्यापेक्षा मोठा फंड सुरुवातीला नकोच. मोठा पैसा दिसला की लोक प्रश्न सोडून पैशाबद्दल बोलायला लागतात.

वर्गणी कशी काढायची हे मुंबईच्या माणसाला शिकवायला नको, दहा दिवसांच्या गणपतीला आपण दारोदार फिरतोच की. फक्त वेळ सांभाळा. 7 ते 12 तारखेच्या मध्ये जा, पगार हातात असतो. जूनमध्ये जाऊच नका, वह्या-पुस्तकं, रेनकोट, छपरावर ताडपत्री, सगळ्यांची हालत खराब असते, आम्ही जूनची सुट्टी ठेवलीय. दहा रुपये दिले तरी पावती फाडा. आणि ज्या घरातून नाही म्हणतात त्यांचं नाव कुठेही लिहू नका, ते घर पण वस्तीचंच आहे, त्यांचं पण काम करायचं.

कोणाकडून घ्यायचे नाहीत हे पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रेशन दुकानदाराकडून नाही, त्याच्या भावाकडून नाही, एजंटकडून नाही, इलेक्शनला उभं राहणाऱ्याकडून तर अजिबात नाही. आमच्याकडे एकदा एकजण आले, 11 हजार देतो म्हणाले, फक्त मीटिंगच्या जागी माझा बॅनर. अर्ध्या लोकांना मोह झाला, मला पण झाला खोटं कशाला बोलू, तेवढ्यात नऊ महिन्यांचा खर्च निघाला असता. मग एक आजी म्हणाल्या, उद्या हाच माणूस दुकानदाराच्या बाजूने बोलायला आला तर त्याला कोणत्या तोंडाने उत्तर देणार? बॅनर परत गेला.

हिशेबाची आमची फजिती ऐका. सुरुवातीला आम्ही सोपं म्हणून खजिनदारबाईंच्या घरातला क्यूआर वापरला. तो लिंक होता त्यांच्या मिस्टरांच्या खात्याला. लोकांनी भराभर पैसे टाकले, आम्ही खूश, आणि पाच तारखेला त्या खात्यातून मिस्टरांच्या बाइकचा हप्ता आपोआप कापला गेला. फंड गेला बाइकला. त्या माणसाची काही चूक नाही, त्याने महिन्याभरात भरून पण दिले, पण वस्तीत जे बोललं गेलं ते भरून यायला वर्ष लागलं. तेव्हा एकाच्या नावावरचं खातं नको म्हणजे नको. तुमचा बचत गट असेल तर गटाच्या नावाने सेव्हिंग खातं निघतं, गट रजिस्टर नसला तरी निघतं, ठराव लागतो आणि पदाधिकाऱ्यांची केवायसी. पैसे काढायला दोघींच्या सह्या, आणि त्या दोघी एका घरातल्या, जावा-जावा, नणंद-भावजय अशा नकोत. गटाची बचत आणि हा फंड वहीत वेगळा ठेवा, ठरावात पण तसं लिहा.

भिशी आणि फंड एकत्र करायचं डोकं तर चालवूच नका. कोणीतरी सुचवतंच, की एवीतेवी भिशीला सगळ्या जमतातच, त्यातलेच शंभर बाजूला काढू. पण भिशीचा पैसा ज्याचा त्याचा असतो, नंबर लागला की तो तिचा, त्याला हात लावला की नाती तुटतात. भिशीच्या दिवशी मीटिंग घ्या, चहा एकच करा, डबे मात्र दोन.

दर महिन्याला हिशेब नळाजवळच्या भिंतीवर लावायचा, किती आले, किती गेले, कशाला गेले, शिल्लक किती. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण टाका पण भिंत महत्त्वाची, कारण ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा फोन नवऱ्याकडे असतो त्यांना ग्रुप दिसत नाही आणि पाणी भरायला मात्र सगळ्या येतात.

आता निर्णय कोण घेणार. हा भाग घाईघाईत उरकू नका, इथेच फंड मोडतात. आमचा नियम असा की दहा रुपये देणारीला जेवढं मत तेवढंच पाचशे देणाऱ्याला, आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही, जे भाड्याने राहतात, जे यूपी-बिहारकडून आलेत, त्यांना पण मत. यावर आमच्यात जोरात वाजलं होतं. शेवटी एका बाईंनी विचारलं की कार्ड नसलेल्यांनाच जर सगळ्यात जास्त अडचण आहे तर त्यांना बाहेर बसवून तुम्ही ठरवणार काय, तेव्हा कुठे ते पटलं. आता गावाकडचं कार्ड असलेल्यांना इथल्या दुकानात धान्य घेता येतं, एक देश एक रेशन कार्डमधून, पण हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं आणि दुकानदार तर स्वतःहून सांगणार नाही.

मीटिंग रात्री नऊनंतर ठेवा, पुरुषांना बोलवा पण पहिला अर्धा तास बायकांनीच बोलायचं असा नियम करा. समितीत पाच जणी, दर सहा महिन्यांनी दोघी बदलायच्या. कोणावर विश्वास नाही म्हणून बदलत नाही, तर अर्ज लिहिता येणाऱ्या बायका वाढाव्यात म्हणून.

खर्चाचा एक नमुना सांगते, माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय. तर रडगाणं लिहू नका. 'आमच्यावर अन्याय का होतो' असं विचारलं की उत्तर येतं, 'का' हा प्रश्न माहितीत बसत नाही. कागद मागा. 'दुकान क्रमांक अमुक, एप्रिल ते जून, दरमहा किती गहू व तांदूळ मिळाला, किती वाटला, किती शिल्लक, याच्या नोंदींच्या प्रती.' बस. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला फी नाही, तेव्हा पिवळं कार्ड असलेल्या कोणी तयार असेल तर तिच्या नावाने टाका, कार्डाची झेरॉक्स जोडा, पण तिला आधी नीट विचारून, कारण नाव तिचं जाणार. हाताने दिलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, शिक्का, सही, तारीख. चुकीच्या ऑफिसला गेला असेल तर त्यांनी पाच दिवसांत बरोबर ठिकाणी पाठवायचा असतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं की पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

आमच्या पहिल्या अर्जाला उत्तर आलं, त्यात आकडे सगळे व्यवस्थित, आलेलं सगळं वाटलेलं. मग आम्ही त्या आकड्यांसमोर आमच्या 43 कार्डांचे आकडे मांडले, प्रत्येकीला खरं किती मिळालं ते, सह्या अंगठ्यांसकट, आणि तो कागद तक्रारीला जोडला. पुढच्या महिन्यात मशीनला कागदाचा रोल आला. पावत्या मिळायला लागल्या. बाकी फार काही झालं नाही तेव्हा, दुकान तेच, दुकानदार तोच, पण पावती हातात असली की पंधराचे वीस कसे झाले हे विचारता येतं.

एका दुकानाचं जमलं की मग धोरणाकडे वळा, कारण काही गोष्टी दुकानदाराच्या हातात नसतातच. उदाहरणार्थ उत्पन्नाची अट. 2013 चा कायदा लागू करताना राज्याने शहरातल्या प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला 59 हजारांची मर्यादा घातली, भागाकार करा, महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. मुंबईत पाच हजारांत खोलीचं भाडं निघत नाही. दुसरं म्हणजे इष्टांक. ऑफिसात 'इष्टांक संपलाय' हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. किती लोकांना धान्य द्यायचं त्याचा कोटा ठरलेला आहे, महाराष्ट्रात शहरी भागात 45.34 टक्के आणि गावात 76.32 टक्के, आणि हा हिशेब अजून 2011 च्या जनगणनेवर चाललाय. त्यानंतर जन्मलेली पोरं आता दहावीला बसतील. खिडकीवरच्या क्लार्कवर ओरडून हे बदलत नाही, यासाठी दहा-पंधरा वस्त्यांनी आपापल्या फंडातून थोडं थोडं काढून एकत्र सर्व्हे करायचा, किती घरं अटीमुळे बाहेर राहिली त्याची यादी, आणि ती आमदाराला, विभागाला, अन्न आयोगाला द्यायची. आम्ही घाटकोपर आणि भांडुपच्या दोन वस्त्यांबरोबर सुरुवात केलीय. पैसे एकत्र केले नाहीत, प्रत्येक वस्तीने आपल्या आपल्या बायकांचे खाडे भरले, फक्त फॉर्म सगळ्यांचा एक. हे बरं पडतं, हिशेबाची भांडणं होत नाहीत.

भाजीवाल्या, मासेवाल्या तुमच्यात असतील तर त्यांचा प्रश्न पण यातच धरा, वस्तीला स्वस्त ताजं खायला त्याच घालतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात 40 टक्के प्रतिनिधी निवडून आलेले विक्रेतेच हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. टोपली उचलून नेली की दंडाची पावती मागायची सवय लावा, फंडातून दंड भरायचा नाही हे आमच्यात मतानेच ठरलं, पण अर्जाचा खर्च आणि खाडा भरतो. पालिकेचं बजेट साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं, तेव्हा मंडईत ओटे हवेत, शाळेच्या जेवणात हे हवं, असलं पत्र डिसेंबरातच वॉर्ड ऑफिसला गेलं पाहिजे. मार्चमध्ये पत्र देऊन काही होत नाही, आम्ही दिलंय.

रजिस्ट्रेशनचं सगळे विचारतात. आपापसात वर्गणी काढून आपलंच काम करताय तोवर घाई नको. पण वस्तीबाहेर लोकांकडून धर्मादाय कामाच्या नावाने पैसे गोळा करायला निघालात तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांची कलम 41क ची परवानगी लागते, ऑफिस वरळीला आहे. संस्था काढायची तर किमान सात जण लागतात, मग दरवर्षीचं ऑडिट मागे लागतं, त्याचा खर्च आमच्या वर्षाच्या वर्गणीएवढा होईल म्हणून आम्ही नाही काढली. परदेशातल्या नातेवाइकाच्या मित्राने पैसे पाठवतो म्हटलं तर नको म्हणा, त्याला वेगळी नोंदणी लागते. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठी बाजूला काढलेला पैसा, रजिस्टर संस्थेलाच मिळतो आणि तो येतो वाटपासाठी, किट, मशीन, फोटो. वाईट नाही, अंगणवाडीला वजनकाटा मिळत असेल तर जरूर घ्या. पण तो पैसा आणि विचारायचा पैसा वेगळा ठेवा.

शेवटचं म्हणजे शिल्लक. वर्षाच्या शेवटी पैसे उरतात, आमचे गेल्या वर्षी 640 उरले होते, आणि दरवेळी कोणीतरी म्हणतं की सगळ्यांना वडापाव देऊया. आम्ही दिला पण एकदा. आता शिल्लक पुढच्या वर्षाला ओढतो, आणि वडापावची वर्गणी त्याच दिवशी वेगळी काढतो.